सर्फिंगसाठी किनारा निवडताना

पाण्यात उतरण्याआधी किमान २० मिनिटं किनाऱ्यावर बसून समुद्र बघा. मोठ्या लाटा झुंडीने येतात. दोन झुंडींमधल्या शांततेत पोहोचलात तर जागा सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते.

नवशिक्यांना वाळूचा, हळूहळू खोल होत जाणारा तळ हवा. फुटून फेसाळत कमरेइतक्या पाण्यात येणारी दोनेक फुटांची लाट पुरे. बोर्ड ८ ते ९ फुटांचा, मऊ. किनारा एकदम उतरता असेल तर लाट थेट वाळूवर आपटते, मान-खांदे दुखावतात; तो टाळाच. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध गडद, सपाट पट्टा दिसतो का? त्यातून फेस समुद्राकडे सरकत असेल तर ती पाण्याची ओढ. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाहेर पडा.

न फुटलेल्या लाटेवर तिरकं जाता येऊ लागलं, की भूशिराच्या कडेने एकाच दिशेला फुटत जाणाऱ्या ३-४ फुटी लाटा शोधा.

प्रवाळाचा तळ मुरलेल्यांसाठीच. ओहोटीला काही ठिकाणी पाणी गुडघाभरच उरतं आणि प्रवाळाने कापलेली जखम सहज चिघळते. भरती अर्ध्यावर आल्यावरच उतरा. पडताना डोकं खाली नको, अंग पसरून उथळ पडा. शिवाय उंची सारखीच असली तरी १४ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ८ सेकंदांवालीपेक्षा बरीच जोरकस असते.

वेळ शक्यतो सकाळची, उजाडल्यावर लगेच. तेव्हा बहुधा वारा जमिनीकडून वाहतो आणि लाटेचा उतार गुळगुळीत राहतो. दुपारी समुद्रावरच्या वाऱ्याने तो विस्कटतो.