टाकीवर चढायच्या आधी: डिजी पॅकेट रिले करत नसला तर काय काय पाहून निघायचं

राजेहो, एपीआरएस म्हणजे हॅम रेडिओवरून आपली जागा आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत, आणि त्यातली पॅकेटं (डेटाचे तुकडे) ऐकून परत हवेत सोडणारं स्टेशन म्हणजे डिजी. आता हा डिजी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर आणि तो पॅकेट पुढं पाठवत नाही म्हणून लगेच टाकीवर चढू नका, बहुतेक भानगड सेटिंगची निघते आणि ती खाली बसूनच दिसते.

पहिले ट्रॅकरचा (जागा पाठवणाऱ्या सेटचा) पाथ, म्हणजे पॅकेट कोणत्या डिजीनं किती वेळा पुढं पाठवायचं ती सेटिंग, उघडा. पाथ रिकामा असला तर डिजी हातच लावत नाही. नुसता वाइड२-१ टाकलाय आणि डिजी फिल-इन म्हणजे फक्त वाइड१-१ ला उत्तर देणारा आहे, तरी तेच. फिरत्या गाडीला वाइड१-१, वाइड२-१ भरपूर झालं, सात-सात हॉप (टप्पे) टाकणारेही आहेत, जाऊ द्या. आणि हो, एका जागी उभं राहून बीकनचं (आपली जागा पाठवायचं) बटन धडाधड दाबू नका बे, तेच पॅकेट ३० सेकंदांच्या आत परत आलं तर डायरवुल्फ (डिजी चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला डुप्लिकेट समजून सोडून देतो आन् आपण म्हणतो डिजी मेला.

मंग डायरवुल्फची कॉन्फिग फाइल. मायकॉलमध्ये आपला लायसनवाला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), आणि डिजीपीटच्या (पॅकेट पुढं पाठवायच्या नियमाच्या) ओळीपुढचा हॅश (#) काढलाय का ते नीट पाहा, नमुन्याच्या फाइलमध्ये ती ओळ बंदच असते. आता स्क्रीन समोर ठेवून दुसऱ्याला हँडी (हातातला वॉकीटॉकी) घेऊन दोन-चार वावरं पलीकडे धुऱ्यावर पाठवा, एकदम जवळून नको, जोरदार सिग्नलनं रिसीव्हर दबून जातो. पॅकेटची ओळ आलीच नाही तर ऐकण्यात घोळ: स्क्वेल्च (सिग्नल नसताना सेटचा आवाज बंद ठेवणारी सेटिंग) उघडा, डिजीला हँडीच जोडला असला तर त्याचा बॅटरी सेव्हर बंद करा, तो पॅकेटची सुरवात खाऊन टाकतो, ऑडिओ लेव्हल ५० च्या आसपास आणा. ओळ आली पण खाली कंसात शून्य-एचवाली ओळ (डिजीनं पुढं पाठवलेलं पॅकेट) नाही तर पाथ किंवा नियम. ती ओळही आली आणि सेटचा लाल दिवा लागला नाही तर पीटीटीची (सेटला ट्रान्समिट करायला लावणारी) वायर. दिवा लागतो पण कोणी डिकोड करत नाही, तर पाठवायचा ऑडिओ कमी करा, टीएक्सडिले थोडा वाढवा (सेट चालू झाल्यावर डेटा सोडायच्या आधी थांबायचा वेळ, ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद), व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) चालवत असाल तर आधी तेच काढा.

एपीआरएस डॉट एफआय या वेबसाइटच्या नकाशावर भरवसा ठेवून निर्णय घेऊ नका. आयगेटनं (हवेतली पॅकेटं इंटरनेटवर टाकणाऱ्या स्टेशननं) तुमचं पॅकेट थेट ऐकलं तर तीच कॉपी पहिले नेटवर जाते, डिजीवाली मागून येते आणि डुप्लिकेट म्हणून गळते, म्हणजे डिजी चालू असूनही तिथं दिसत नाही. खरं पाहायचं तर दुसऱ्या रिसीव्हरवर डिजीचा कॉलसाइन आणि पुढं तारा दिसला पाहिजे.

एवढं करूनही चढावंच लागलं तर थैलीत मल्टिमीटर, फेराइट (वायरवरचा रेडिओचा त्रास दाबणारा तुकडा), जास्तीची यूएसबी केबल टाका, डोक्याला दुपट्टा बांधा, जिन्याची किल्ली पाणी सोडणाऱ्या भाऊंकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा. वर गेल्यावर बॅटरीचा व्होल्ट ट्रान्समिट चालू असताना मोजा, नुसता नाही, कारण ट्रान्समिट सुरू झालं की व्होल्ट पडतो आणि रास्पबेरी पाय (डायरवुल्फ चालवणारा छोटा संगणक) रीस्टार्ट होतो. आभाळ भरून आलं असलं तर उद्या जा.