शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल वापरताना या चुका टाळा

समजा, मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या पावसाची बेरीज बॅश स्क्रिप्टने, म्हणजे बॅश या शेलला द्यायच्या आज्ञांच्या फाइलने, करायची आहे. घनसावंगी, गंगाखेड, औसा यांचे आकडे बरोबर येतात. शिरूर अनंतपाळ आणि शिरूर कासार आले की गणित चुकतं.

डॉलर चिन्ह लावलेला व्हेरिएबल, म्हणजे व्हॅल्यू साठवणारं नाव, कोटाशिवाय वापरला, तर बॅश त्याची व्हॅल्यू स्पेस, टॅब आणि नव्या ओळीपाशी तोडते. 'शिरूर अनंतपाळ.सीएसव्ही' अशी फाइल असेल, तर कॉपी करणाऱ्या सीपीला दोन वेगळी नावं मिळतात आणि दोन्ही सापडत नाहीत. इथे निदान एरर तरी दिसतो. यादीतल्या प्रत्येक नावासाठी तेच काम करणाऱ्या फॉर लूपला तालुक्यांची यादी अशीच उघडी दिली, तर तोही दिसत नाही. 'शिरूर' दोनदा फिरतो, प्रत्येक वेळी शब्द असलेल्या ओळी शोधणारा ग्रेप लातूर आणि बीड अशा दोन्ही जिल्ह्यांच्या ओळी उचलतो आणि वर 'अनंतपाळ' व 'कासार' वेगळे मोजले जातात. दोन्ही तालुक्यांचा पाऊस थेट तिप्पट होतो आणि स्क्रिप्ट मात्र बिनतक्रार संपते. म्हणून नावं अनेक व्हॅल्यू वेगवेगळ्या ठेवणाऱ्या अ‍ॅरेत ठेवा, प्रत्येक नाव कोटात लिहा आणि लूपमध्ये ॲट चिन्ह वापरून उलगडलेला अ‍ॅरेही डबल कोटातच द्या. सिंगल कोट इथे चालत नाही, त्यात व्हेरिएबल उलगडतच नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी व्हेरिएबलमध्ये नेमकं काय आहे ते बघा. व्हॅल्यू छापणाऱ्या नुसत्या इकोवर विसंबू नका, तो बरंच लपवतो. त्याऐवजी प्रिंटएफ या आज्ञेला टक्का-क्यू हा फॉरमॅट द्या. विंडोजवरच्या एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये शेवटच्या रकान्यातला 42 इकोने दाखवला तर 42 च दिसतो. प्रिंटएफ मात्र त्याच्यामागे चिकटलेली उलटी तिरकी रेघ आणि आर दाखवतो. हा कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोज ओळीच्या शेवटी लावतं ते न दिसणारं चिन्ह आहे. याच्यामुळेच बेरीज अडते आणि दिसायला सारख्या असलेल्या दोन व्हॅल्यूंची तुलना खोटी ठरते. मूळ फाइल आधी डॉसटूयुनिक्स या आज्ञेने साफ करून घ्या.

घोळ कोणत्या ओळीत आहे हे कळत नसेल, तर संशयित भागाच्या आधी 'सेट -एक्स' आणि नंतर 'सेट +एक्स' टाका. प्रत्येक आज्ञा व्हेरिएबल उलगडल्यानंतर जशी चालते तशी, पुढे अधिक चिन्ह लागून, छापली जाते.

जुलैपर्यंत नीट चाललेली स्क्रिप्ट ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस' म्हणत थांबली, तर महिन्याचा आकडा तपासा. पुढे शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान पद्धतीची धरते. 07 चालतो, पण त्या पद्धतीत 8 आणि 9 हे अंकच नसल्याने 08 आणि 09 अडतात. हिशेबात व्हेरिएबलच्या आधी 10 आणि हॅश चिन्ह जोडा, म्हणजे संख्या दशमान धरली जाईल. हाच दोष तारखेच्या 08 आणि 09 लाही लागतो.

बेरीज लूपच्या आत बरोबर आणि बाहेर शून्य येत असेल, तर फाइल वाचणाऱ्या कॅटचा पाइप (एका आज्ञेचं आउटपुट पुढच्या आज्ञेला देणारी उभी रेघ) व्हाइल लूपला जोडलेला असणार. पाइपमधला लूप सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालतो आणि तिथले बदल तिथेच संपतात. पाइप काढा आणि 'डन' नंतर 'पेक्षा लहान' चिन्ह देऊन फाइल जोडा.

बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. सोडली तर बॅश व्हेरिएबलच्या नावालाच आज्ञा समजते आणि 'कमांड नॉट फाउंड' येतं. व्हॅल्यू देवनागरीत चालते, व्हेरिएबलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतं.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' लिहा, म्हणजे कधीच न भरलेला व्हेरिएबल वापरला गेला की ती तिथेच थांबेल. भरलेली पण रिकामी व्हॅल्यू मात्र यातून निसटते. आरएमने फोल्डर पुसताना हे जिवावर बेततं, कारण फोल्डरचं नाव रिकामं असेल तर मागे नुसता स्लॅश उरतो. तिथे महिरपी कंसात नावानंतर विसर्ग चिन्हासारखा कोलन आणि त्याला जोडून प्रश्नचिन्ह द्या. नाव रिकामं निघालं, तर आरएम चालण्याआधीच स्क्रिप्ट थांबते.