आधी दगड बघा, मग लेटेक्स उघडा

डोंगर-रेल्वेच्या छोट्या मॉडेलचं काम शिकायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, “लेटेक्स कोणतं घेऊ?” लेटेक्स म्हणजे पातळ रबर. ते दगडावर थराथराने लावून सुकवलं की साचा मिळतो, आणि साच्यात पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओतून मॉडेलचा कातळ करतात. पण मी म्हणते, आधी दगड दाखवा. रबराचा साचा करणं हे हाताचं काम आहे, ते थोड्या सरावाने कुणालाही जमतं. कोणत्या दगडाचा साचा करायचा, हे नजरेचं काम. मॉडेलमधला डोंगर खरा वाटणार की पीओपीचा ढीग दिसणार, हे तिथेच ठरतं. म्हणून दगडाबद्दल जरा जास्त लिहिते.

नेरळ–माथेरान रेल्वेचं उदाहरण घेऊ. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी गेजची लाइन साधारण २१ किलोमीटरमध्ये डोंगर चढते, काही ठिकाणी २० फुटांना १ फूट इतका चढ. तिचा एखादा तुकडा मॉडेलमध्ये करायचा, तर दोन अगदी वेगळे दगड हाताळावे लागतात. चढाच्या वाटेवर काळा बेसॉल्ट आणि वर पठारावर तांबडा जांभा. शिकण्यासाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही.

सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे थर. त्यामुळे आपले डोंगर आडव्या पट्ट्यांचे दिसतात. टणक थराचा उभा कडा, मग मऊ थराचा गवताळ उतार, वर पुन्हा कडा. नवखा माणूस एकच छान दिसणारा दगड घेतो, त्याचाच साचा सगळीकडे वापरतो आणि तेही वाटेल तसा फिरवून. मग डोंगराचे थर एका ठिकाणी आडवे, दुसरीकडे तिरके, तिसरीकडे उभे. बघणाऱ्याला भूगर्भशास्त्र येत नसलं तरी काहीतरी खटकतंच, कारण हे डोंगर तो लहानपणापासून बघत आलेला असतो. किमान दोन साचे हवेत: उभ्या भेगांचा एक कड्यासाठी, आणि भुसभुशीत, झिजलेल्या पोताचा एक उतारात डोकावणाऱ्या कातळासाठी.

आता प्रमाण. १:८७ या स्केलमध्ये, म्हणजे खऱ्यापेक्षा ८७ पट लहान मॉडेलमध्ये, १० मीटरचा कडा साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे तळहातापेक्षा जरा मोठा दगड पुरेसा. पण त्याचा पोत बारीक हवा. आपल्या बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, कधी त्यात पांढरी खनिजं भरलेली असतात. एक सेंटिमीटरचं असं भोक मॉडेलमध्ये ८७ सेंटिमीटरचं विवर दिसतं. चार-दोन असतील तर मातीने बुजवून घ्या. दगडभर असतील तर तो दगड सोडा.

नदीतले गोटे नकोत, ते घासून गुळगुळीत झालेले असतात. विहिरीच्या खोदकामाच्या ढिगात, घाटरस्त्याच्या कडेला पडलेल्या दगडांत, शेताच्या बांधावर शोधा. ऊनपाऊस खाल्लेला, पण कडा शाबूत असलेला दगड हवा. पारखायची माझी पद्धत सोपी आहे. दगड सकाळच्या तिरप्या उन्हात ठेवायचा, मोबाइल अगदी खाली, दगडाच्या पायथ्याशी टेकवायचा आणि फोटो काढायचा. फोटोत कडा दिसला तर दगड घरी आणायचा. दगडच दिसला तर तिथेच ठेवायचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. किल्ल्यावरचा दगड उचलू नका, फोडू नका, आणि तिथल्या कातळावर किंवा तटबंदीवर लेटेक्सचा ब्रश फिरवू नका. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा गुन्हा आहेच. शिवाय लेटेक्स सोलताना दगडावरची दगडफुलं, शेवाळ आणि सुटलेले कणही उचलून आणतं. किल्ल्याचा कडा हवा असेल तर भरपूर फोटो काढा आणि त्याच्याशी जुळणारा दगड दुसरीकडे शोधा.

लेटेक्स घेताना दुकानदाराला ‘प्री-व्हल्कनाइज्ड’, म्हणजे आधीच प्रक्रिया करून मजबूत केलेलं, असं स्पष्ट सांगा. साधं लेटेक्स सुकलं तरी चिकट आणि कमजोर राहतं, त्याचा साचा टिकत नाही. लेटेक्स आपल्याकडे मुख्यतः केरळच्या रबराचं येतं आणि गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. डबा उघडला की वास नाकात जातो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून काम करा. काही जणांना लेटेक्सची ॲलर्जी असते. हातमोजे किंवा फुग्यांमुळे कधी अंगावर पुरळ उठलं असेल, तर या कामात पडू नका, सिलिकॉनकडे वळा. ते महाग पडतं, पण तब्येतीपुढे पैशाचा विचार करू नये. लेटेक्स तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही काढू नका. तांब्याने रबर खराब होतं. तेल आणि ऊन हेही त्याचे शत्रू.

दगड ब्रशने घासून धुवा, भेगांतली माती काढा. खोल कपारी असतील तर शाडूने थोड्या भरा. लेटेक्स लावताना दगड किंचित ओलसर असू द्या, म्हणजे ते बारीक भेगांत ओढलं जातं. पहिला थर सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पुढे दिसणार आहे ते सगळं त्याच्यातच उमटतं. स्वस्तातला ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केसांत रबर धरतं. मग पातळ थर ठोकत ठोकत लावा, ओढू नका. बुडबुडा दिसला की फुंकर मारा. लावताना लेटेक्स दुधासारखं पांढरं असतं. सुकत आलं की कडेपासून पिवळसर, पारदर्शक होत जातं. खळग्यांत पांढरे ठिपके दिसताहेत तोवर दुसरा थर लावायचा नाही. बाहेरून सुकलेल्या थराखाली ओल अडकली तर तो भाग कायम लिबलिबीत राहतो. पावसाळ्यात एकेका थराला निम्मा दिवसही लागतो, पंखा लावा आणि धीर धरा.

तीन थर झाले की मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गॉजचे (जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचे) लहान तुकडे लेटेक्समध्ये भिजवून बसवा. लहानच, कारण मोठा तुकडा खळग्यात बसत नाही, वरून ताणला जातो आणि खाली पोकळी राहते. त्यावर आणखी तीन-चार थर द्या. कडा मुद्दाम जाड ठेवा, साचा फाटायला सुरुवात होते ती कडेपासूनच. सगळं मिळून दोन-तीन मिलिमीटर जाडी पुरे. एक पूर्ण दिवस सुकू द्या, मग बाहेरून टाल्कम पावडर चोळा आणि हळूहळू सोला. जसजसं सुटेल तसतशी आतल्या बाजूलाही पावडर लावत जा, कारण ताजं रबर रबराला चिकटलं की सोडवणं कठीण. पहिला साचा सहसा भेगांतली उरलेली धूळ घेऊन येतो. त्यामुळे त्याच दगडावरचा दुसरा साचा जास्त स्वच्छ निघतो. वेळ असेल तर दुसरा कराच.

जांभ्याचं प्रकरण वेगळं आहे. तो सच्छिद्र असतो, भोकं आत वाकडीतिकडी जातात, लेटेक्स त्यात शिरतं आणि सोलताना तुटतं. जांभ्याला आधी साबणाच्या घट्ट पाण्याचे दोन-तीन हात द्या, सुकवा, मग खोल छिद्रं शाडूने अर्धी बुजवा. शिवाय त्याची भोकं स्केलला मोठी असतात, म्हणून वरून झिजलेला, कोपऱ्याकडचा भाग निवडा. हा साचा पातळ आणि लवचीक ठेवा, गॉज फक्त कडेला.

ओतायला साधं पीओपी चालतं. पाण्यात पीओपी घाला, पीओपीत पाणी नको. मापाने साधारण दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी. भुरभुरून टाकल्यावर मिनिटभर भिजू द्या, मग सावकाश ढवळा. जोरात ढवळलं की आत हवा शिरते आणि लवकर घट्टही होतं. घाई होत असेल तर पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाका, थोडा वेळ मिळतो. साचा आतून साबणाच्या पाण्याने ओला करा आणि वाळूच्या ट्रेमध्ये टेकवून ठेवा. वाळूत तो हवा तसा वाकवता येतो, म्हणजे एकाच साच्यातून सरळ कडाही निघतो आणि वळणावरची सोंडही. पीओपी घट्ट होताना गरम होतं. ती ऊब गेल्यावरच तुकडा काढा. उरलेलं पीओपी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप कायमचा बंद होईल.

दुसरी पद्धत थेट डोंगरावर लावायची. साच्यात पीओपी भरून थांबायचं, साचा जरा वाकवल्यावर पीओपीला बारीक भेगा पडू लागल्या की तो मॉडेलच्या ओल्या पृष्ठावर दाबून धरायचा. कड्याचा सांधा यात दिसत नाही. पण वेळ साधायला सराव लागतो, म्हणून सुरुवातीला सुटे तुकडे करून चिकटवा आणि सांधे ओल्या पीओपीने ब्रशने भरा.

रंगाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. बेसॉल्ट काळा म्हणून काळा रंग फासला तर सगळा तपशील बुडतो. पाण्यासारखे पातळ केलेले तपकिरी, पिवळट आणि राखाडी ॲक्रिलिक ठिपके आधी, एकमेकांत थोडे मिसळतील असे. सुकल्यावर काळ्याचं अगदी पातळ पाणी, ते भेगांत उतरतं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी कडांवरून फिरवा. भर पावसाळ्यातला कडा दाखवायचा असेल तर हा शेवटचा हात टाळा, ओला कातळ गडदच दिसतो. जांभ्याला विटकरी रंगाच्या आधी पिवळ्या मातीचा हात द्या. नुसता लाल दिला की तो विटेसारखा दिसतो.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते एकदा तरी बघून या. आणि रोजगाराचं विचाराल, तर नुसते दगड करून पोट भरत नाही. वास्तुविशारदांची मॉडेल्स, संग्रहालयांचे देखावे, किल्ल्यांच्या प्रतिकृती, गणपतीची सजावट, हौशी लोकांचे रेल्वे लेआउट अशी कामं मिळून धंदा उभा राहतो. काम मागायला जाताना साच्यांचा संच सोबत न्या. प्रत्येक साच्याच्या मागे मार्करने दगड कुठला, स्केल कोणतं आणि वरची बाजू कोणती हे लिहा, पावडर लावून अंधाऱ्या डब्यात ठेवा. ग्राहक ‘राजमाचीसारखा कडा हवा’ म्हणाला की त्याच्यासमोर योग्य साचा काढता आला पाहिजे.