गाडीवाट बंद झाली तर: आधी कागद, मग ट्रॅक्टर

वन विभागाने रोपवन, म्हणजे झाडांची लागवड घेतली की तिच्या हद्दीला गुरं अडवणारा चर खोदला जातो आणि वावराला जाणारी वर्षानुवर्षांची गाडीवाट त्यात कापली जाते. पेरणीला ट्रॅक्टर निघेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याच्या, वनरक्षकाशी बाचाबाची होते. ती वायाच जाते, कारण वाट कायमची बंद करणं किंवा पुन्हा उघडणं त्याच्या हातात नसतं. शोधायच्या गोष्टी दोनच: वाट कोणत्या जमिनीतून जाते, आणि ती कोणत्या आदेशाने बंद झाली.

सुरुवात गाव नकाशापासून करा. तो महाभूनकाशा संकेतस्थळावर बघता येतो, पण अर्जाला जोडायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातली नक्कल घ्या. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. पायमार्गावरून तुम्ही तीस वर्षं ट्रॅक्टर नेत असाल, तरी नकाशा त्याला पायमार्गच म्हणतो. अर्ज फेटाळला जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सोबत तलाठ्याकडून निस्तार पत्रक (सरकारी जमिनीच्या वापराची गावची नोंद) काढा. विदर्भातल्या बऱ्याच गावांचं ते जुनं, फाटकं, पण जागेवर असतं. सरकारी पडीत जमिनीतली वहिवाट त्यात नोंदलेली असू शकते. खासगी वावरातून जाण्याचा हक्क मात्र वाजिब-उल-अर्जमध्ये (गावच्या रूढ हक्कांच्या नोंदीत) बघायचा. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि नको त्या कागदासाठी चकरा मारतात.

नकाशा हातात आला की वाटेवर उभं राहून मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या भागाचा क्रमांक) विचारा. कक्ष राखीव वनाचा, संरक्षित वनाचा की वन विकास महामंडळाच्या ताब्यातला, यावरून पुढचा मार्ग ठरतो.

राखीव वनातली वाट बंद करायची असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २५ लागतं. राज्य शासनाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी आणि सोयीची पर्यायी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. ही पर्यायी वाटेची अट शेतकऱ्याच्या सर्वांत कामाची, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. संरक्षित वनात कलम ३० खाली एखादा भाग जास्तीत जास्त तीस वर्षांसाठी बंद करता येतो, पण उरलेलं वन लोकांच्या हक्कांना पुरेसं आणि सोयीचं असावं लागतं.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाचा घोळ वेगळाच. महसुली नोंदीतली जमीन, दिसायला उजाड माळ, म्हणून ग्रामपंचायत बिनधास्त मुरूम टाकते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन वनच धरली आहे. वन विभागाला न विचारता तिथे रुंदीकरण केलं की काम अर्ध्यावर थांबतं आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

आता अर्ज. उपवनसंरक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तीनच गोष्टी मागा: अमुक कक्षातली वाट बंद केल्याच्या आदेशाची प्रत, तो आदेश कोणत्या कलमाखाली आहे ते, आणि पर्यायी वाटेचा नकाशा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. म्हणून हे काम पेरणीच्या तोंडावर नको, फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. ‘रस्ता का बंद केला?’ असा प्रश्न लिहू नका, त्याला टोलवाटोलवीचं उत्तर मिळतं. तोवर चर बुजवू नका, कुंपणाची तारही तोडू नका. तसं केलंत की तुमची तक्रार बाजूला पडते आणि तुम्हीच आरोपी ठरता.

पर्यायी वाटच नसेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) बघा. सरकारी यंत्रणेने करायच्या रस्त्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. चार मीटर रुंद रस्ता धरला तर लांबी अडीच किलोमीटरच्या आत ठेवावी लागेल. एकट्याच्या वावरासाठी हे कलम चालत नाही.

वाट शेजाऱ्याने धुऱ्यावर (बांधावर) काटे टाकून अडवली असेल तर वन विभागाकडे जाऊन उपयोग नाही. तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करा, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट पूर्वी नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

वाट उघडी असली तरी ती टिकवणं तुमच्याच हातात आहे. काळ्या मातीत पावसानंतर लगेच ट्रॅक्टर घातला की खोल चाकोऱ्या पडतात, त्यातून पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. चिखल चुकवायला प्रत्येक जण बाजूने गाडी काढतो, एकाच्या पाच वाटा होतात, रोपं चिरडली जातात. वाट बंद करायला वन विभागाला याहून चांगलं कारण लागत नाही. वाटेतली माती मुठीत दाबून बघा. लाडू वळला तर थांबा, भुगा झाला तर निघा. केज व्हील (चिखलात चालणारी लोखंडी चाकं) घालून वाटेवर ट्रॅक्टर चालवू नका, ती वावरात गेल्यावर चढवा. परतताना ट्रॉलीत सरपण टाकण्याचा मोह टाळा, कारण बेकायदा वनोपज सापडलं तर भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली ट्रॅक्टरसकट जप्ती होते.

अभयारण्यातला हिशेब निराळा. परतवाडा-सेमाडोह-धारणी हा रस्ता मेळघाट अभयारण्यातून जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २७ सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला सूट देतं, पण ती सूट डांबरापुरतीच. नागपूर-अमरावतीहून बाइक किंवा जीप घेऊन येणारे कच्च्या वाटेला वळतात आणि तिथेच अडकतात. कलम २८ खालचा परवाना नसेल तर फाट्यावर पाटी असो वा नसो, आत वळू नका. डिकीत सुरी किंवा कोयताही ठेवू नका: या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरी येते आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जायला कलम ३१ ची मनाई आहे.