अपुऱ्या झोपेच्या दिवशी सोशलला जाताना

सालसा आणि बचाटा या जोडीने नाचायच्या लॅटिन नृत्यांचे सोशल, म्हणजे नाचण्यासाठी जमण्याचे कार्यक्रम, बहुधा रात्री नऊच्या सुमारास सुरू होतात, रंगात यायला साडेदहा वाजतात आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. पुण्या-मुंबईत तिथे येणारे बहुतेक जण दिवसभराची नोकरी उरकून, वाहतुकीतून वाट काढत पोहोचतात. त्यामुळे थकलेल्या अवस्थेत नाचणे हा अपवाद नसून नेहमीचाच प्रकार आहे. एकट्याने नाचणारा आपल्या थकव्याची किंमत स्वतःच मोजतो. जोडीच्या नाचात मात्र ती समोरच्या व्यक्तीच्या खांद्याला, मनगटाला आणि पायाच्या बोटांनाही मोजावी लागते, म्हणून अशा दिवशी काय नाचायचे आणि काय टाळायचे हे घरून निघण्यापूर्वीच ठरवलेले असावे.

सर्वप्रथम शरीर दमले आहे की झोप अपुरी आहे, हे वेगळे करून पाहावे. सलग सहा-सात गाणी नाचल्यावर पोटऱ्या भरून येतात, श्वास फुलतो, अंग घामाने निथळते; हा थकवा दोन-तीन गाणी बाजूला बसून आणि पाणी किंवा मीठ-साखरेचे लिंबूपाणी घेऊन बराचसा उतरतो. झोपेची तूट अशी बसून भरून निघत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते झोपेतच कमी होते. संगीत, दिवे आणि ओळखीचे चेहरे यांमुळे तरतरी आल्यासारखी वाटते खरी, पण त्या तरतरीने झोपेची जाणीव तेवढी झाकली जाते.

हे झाकले जाणे फार फसवे असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्या लोकांचा हात आणि डोळा यांच्यातील मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असताना जितका बिघडतो, तितका बिघडलेला आढळला. भारतात वाहन चालवण्यासाठी मद्यांशाची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे, आणि सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकराला, म्हणजे सोशल ऐन भरात असताना, पूर्ण होतात. २००३ साली अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. त्यांची लक्ष टिकवण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली. किती झोप येते आहे, या प्रश्नाची त्यांची उत्तरे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. तेव्हा ‘मला बरे वाटते आहे ना?’ असा प्रश्न स्वतःला विचारण्यात अर्थ नाही, झोपेचे तास मोजावेत. प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते. मागील दोन रात्री मिळून बारा तासही भरत नसतील, तर त्या दिवशी साधेच नाचायचे, असा माझा ठोकताळा आहे. त्याला शास्त्राचा शिक्का नाही, पण ऐनवेळच्या उत्साहापेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

फ्लोअरवर याचा परिणाम लीड (हालचाल सुचवणारा) आणि फॉलो (त्या इशाऱ्यानुसार नाचणारा) या दोन्ही भूमिकांत वेगवेगळा दिसतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या सालसा गाण्यात प्रत्येक ठोका सेकंदाच्या एक तृतीयांशात संपतो. झोपेला आलेला मेंदू मधूनच अर्धा-एक सेकंद कोरा पडतो, तेवढ्यात दोन-तीन ठोके निघून जातात. लीड करणाऱ्याचा इशारा अशा वेळी उशिरा येतो, आणि हुकलेला क्षण सांधण्यासाठी तो नकळत हाताचा जोर वाढवतो. ज्या वळणासाठी हात किंचित उचलणे पुरले असते, तिथे ओढ बसते. शिवाय शेजारच्या जोडीवर, मागे आलेल्या खुर्चीवर लक्ष ठेवण्याचे कामही लीडचेच असते, आणि थकल्यावर नजर आक्रसली की हेच काम आधी सुटते. फॉलो करणारी व्यक्ती इशाऱ्याची वाट न पाहता सवयीने अंदाज बांधू लागते. क्रॉस बॉडी लीडनंतर (फॉलोला समोरून पलीकडे नेण्याच्या सालसातल्या मूळ हालचालीनंतर) नेहमी वळण येते, म्हणून ती वळून मोकळी होते, आणि त्याच क्षणी समोरच्याने काही वेगळे सुचवलेले असेल तर दोघांचे खांदे एकमेकांविरुद्ध जातात. गिरकीतला तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पावलांकडून येणारी जाणीव यांच्या मेळावर टिकतो. तो मेळ झोपेअभावी ढिला पडतो, स्पॉटिंग (गिरकीत नजर एका बिंदूवर रोखून डोके झटकन फिरवणे) उशिरा होते, आणि मग आपले वजन नकळत जोडीदाराच्या हातावर टाकले जाते.

स्वतःचा अंदाज चुकत असला तरी काही खुणा बाहेरून पकडता येतात. अंगठ्याने जोडीदाराचा हात दाबून धरला जाणे, त्याच तीन-चार हालचाली फिरून फिरून येणे, एरवी न चुकणारा ‘एक’, म्हणजे तालाचा पहिला ठोका, हरवणे, आणि एकाच गाण्यात दोनदा कोणावर तरी आदळणे, यांपैकी काहीही घडले तर पुढचे गाणे बसून काढावे. बसल्यावरही लक्ष लागत नसेल, तर घरी जाण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

नाचायचेच ठरले तर सर्वांत आधी डिप, ड्रॉप (जोडीदाराला हातावर खाली झुकवण्याचे प्रकार) आणि उचलण्याचे प्रकार वगळावेत, कारण त्यांत एकाचे संपूर्ण वजन दुसऱ्याच्या प्रतिक्रियेवर सोपवलेले असते. दुहेरी-तिहेरी गिरक्यांऐवजी एकेरी गिरकी द्यावी किंवा घ्यावी. बचाटा संथ आहे म्हणून सुरक्षित, असे गृहीत धरू नये. जवळून नाचल्या जाणाऱ्या बचाट्यातील मान फिरवण्याच्या हालचाली थकलेल्या मानेला आणि थकलेल्या हाताला दोन्हीकडून धोक्याच्या असतात. पावले लहान ठेवावीत, गर्दीच्या मध्यभागाऐवजी कडेची जागा धरावी आणि नाच सुरू होतानाच ‘आज झोप कमी झाली आहे, साधेच नाचू’ असे सांगून टाकावे. लीड करणाऱ्यांना हे वाक्य फार जड जाते, असे मला दिसते. वास्तविक मूळ पावलांवर, गाण्यातील थांबे नीट ऐकत नाचलेली चार मिनिटे बहुतेक फॉलोंना अर्धवट जमलेल्या दहा हालचालींपेक्षा अधिक सुखाची वाटतात.

नकार देण्याच्या बाबतीत टँगोवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे. ब्यूनस आयर्समधल्या मिलोंगा, म्हणजे टँगोचे सोशल, अनेकदा पहाटेपर्यंत चालतात, पण तिथे गाणी तीन-चारच्या संचात वाजतात, त्या संचाला टांडा म्हणतात, आणि दोन टांडांच्या मध्ये वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा येऊन फ्लोअर रिकामा होतो. एखादा टांडा बसून काढण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. सालसाच्या सोशलमध्ये अशी विश्रांती आयती मिळत नाही, ती स्वतःच आखून घ्यावी लागते: तीन गाणी झाली की एक गाळायचे. कोणी विचारले तर ‘हे गाणे बसते, पुढचे नक्की’ एवढे पुरे. आणि ज्याला असे सांगितले, त्याच्यासोबत पुढचे गाणे खरोखर नाचावे.

संध्याकाळी घरी जाणे शक्य असेल तर वीस मिनिटांची डुलकी हा सर्वांत चांगला उपाय आहे. ती लांबून गाढ झोप लागली तर उठल्यावर अर्धा तास जडपणा राहतो, म्हणून गजर लावावा. कॉफी घ्यायचीच असेल तर डुलकीच्या अगदी आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. मात्र शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला सुमारे पाच तास जातात, त्यामुळे सातला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश मध्यरात्रीही शिल्लक असतो आणि आजची तूट उद्यावर ढकलली जाते. झोप अपुरी असताना मद्य घेणे टाळावे, दोहोंचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो.

तीन दिवसांच्या महोत्सवात प्रश्न अधिक बिकट होतो, कारण सकाळी कार्यशाळा आणि पहाटेपर्यंत पार्टी असे दोन्ही समोर असते. नवी हालचाल शिकल्यानंतरच्या झोपेत मेंदू ती पक्की करतो. त्यामुळे रात्रभर नाचून सकाळच्या वर्गात डोळे ताणून बसणाऱ्याचे पैसे बऱ्याच अंशी वाया जातात. शिकण्यासाठी गेला असाल तर पार्टी एक-दीडला सोडावी. पार्टीसाठी गेला असाल तर सकाळचे वर्ग सरळ गाळून दुपारी दीड तास झोपावे.

परतीचा प्रवास हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. संगीत थांबले, घाम वाळला आणि मोकळा रस्ता लागला की इतका वेळ झाकलेली झोप अचानक वर येते. काच उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे याने काही क्षणांपलीकडे फरक पडत नाही, आणि दुचाकीवर तर दोन सेकंदांची डुलकीही जिवावर बेतते. म्हणून कमी झोपेच्या दिवशी सोशलला जाताना गाडी घरीच ठेवावी, परतण्यासाठी रिक्षा किंवा दोघा-तिघांत मिळून कॅब ठरवावी, आणि गाडी आणलीच असेल तर ती तिथेच ठेवून सकाळी घेऊन जाण्याची सोय आयोजकांना आधी विचारून घ्यावी.