होमस्कूलिंगची सहामाही: प्रत्येक मुलाचा आढावा वेगळ्या दिवशी घ्या

आमची मुलं ६, १० आणि १४ वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीआधी आढावा घेतो. पहिल्या वर्षी तिघांना एकत्र बसवलं आणि धाकटी दादाच्या वह्या बघून इतकी हिरमुसली की मला अजून वाईट वाटतं. म्हणून आता प्रत्येकाचा वेगळा दिवस आणि तुलना फक्त स्वतःच्याच जूनमधल्या कामाशी.

जूनचं एक पान आणि आत्ताचं एक पान शेजारी ठेवायचं, अक्षर, गणिताच्या स्टेप्स, वाक्यं किती मोठी झाली सगळं दिसतं, मग मुलालाच विचारायचं की काय सोपं झालं आणि कुठे अजून अडतंय. धाकटीचं वाचन मी दर महिन्याला मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करते, तिलाच ते ऐकायला फार आवडतं.

मोठ्याला एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, शाळेत न जाता देता येणारी) दहावी द्यायचीय (१४ पूर्ण लागतात, किमान ५ विषय), त्यामुळे त्याचा आढावा सिलॅबस समोर ठेवूनच, झालेले धडे टिक करत.

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला तिघं एकत्र गेलेली, तेही लिहून ठेवा, पण कोणी काय विचारलं ते वेगवेगळं. आणि पावसात लोकल बंद पडून बुडलेले क्लासचे दिवस मुलांच्या खात्यात अजिबात धरू नका.