घरात लहान मूल असताना लिखाण कसं चालू ठेवावं

लहान मूल असताना लिहायला वेळ मिळत नाही, हे अर्धंच खरं. वेळ मिळतो, सलग मिळत नाही. म्हणून वेळापत्रक आखण्याआधी लिखाणाच्या कामांची विभागणी करा. कोणतं काम मध्येच मोडलं तरी चालतं आणि कोणतं मोडलं की वाया जातं, ते वेगळं काढा.

नवा मजकूर, विशेषतः कथेची सुरुवात आणि संवाद, मोडला की वाया जातो. त्याला किमान 25 मिनिटं बंद दार हवं. टाचणं काढणं, वहीतलं टाइप करणं, ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, संपादकांना मेल पाठवणं ही कामं मूल पायाशी खेळत असतानाही होतात. बहुतेकांचं गणित इथेच उलटं होतं. मूल झोपलं की आधी फोन, मग टायपिंग, आणि खरं लिहायला बसेपर्यंत मूल जागं.

दुपारची झोप हा सगळ्यात चांगला तुकडा. गोव्यात त्या वेळी बरीच दुकानंही मिटलेली असतात, फोनही कमी येतात. साधारण दीड वर्षाच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक होते आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही सुटते. तेव्हा रडत बसू नका, त्याच वेळी ‘शांत वेळ’ सुरू करा. खोलीत थोडा अंधार, चित्रांची पुस्तकं, ठोकळे आणि मुलाला दिसेल असा गजर. सुरुवात 10 मिनिटांनी करा, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा, 40 वर थांबा. गजर झाल्यावरही ‘थांब रे, एवढंच वाक्य’ म्हणत बसलात की मुलाचा गजरावरचा विश्वास उडतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पहाटे, पोदेराचा (दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा) भोंगा वाजण्याआधी उठून लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मूल रात्री दोनदा उठत असेल तर तो ऐकू नका. अपुऱ्या झोपेत लिहिलेलं पुढे बहुतेक खोडावंच लागतं.

उठताना परिच्छेद पूर्ण करायची धडपड नको. पुढे काय घडणार ते एका ओळीत लिहून ठेवा, ‘वहिनी पाकीट फोडते, आत नुसती पावती’ असं. दुसऱ्या दिवशी मागची पानं वाचण्यात जाणारी दहा मिनिटं वाचतात.

हात मोकळे नसतील तर फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा घालून माइकवर बोला. विरामचिन्हं बऱ्याचदा येत नाहीत, गावांची नावं आणि कोंकणी शब्द हमखास बिघडतात. त्यामुळे तो मजकूर त्याच रात्री साफ करा, नाहीतर चार दिवसांनी आपलंच वाक्य ओळखू येत नाही. फेरीबोटीत इंजिनच्या आवाजापुढे याचा उपयोग नाही, तिथे वहीच बरी. पावसाळ्यात कागद सर्द होऊन जेल पेनाची शाई पसरते. बॉलपेन वापरा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉप सकाळीच चार्ज करा, वीज कधी जाईल सांगता येत नाही.

घरच्यांशी बोलताना ‘जमेल तेव्हा मूल सांभाळ’ म्हटलं तर ते कधीच जमत नाही. कालनिर्णयावर वार आणि तास लिहा, जोडीदारालाही तेवढेच तास द्या. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बालविभाग आहे. एकाने मुलाबरोबर तिथे बसायचं, दुसऱ्याने त्याच इमारतीत तासभर लिहायचं, मग अदलाबदल.

वर्षाचा हिशेब मात्र चवथीकडून, म्हणजे गणेश चतुर्थीकडून, मागे मोजा. दिवाळी अंकांचं साहित्य साधारण त्याच सुमारास मागितलं जातं, आणि तेव्हा शाळा बंद, घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान आणायचं. कच्चा खर्डा आषाढ संपेपर्यंत हातात हवा. चवथीच्या आठवड्यात फक्त मुद्रितं तपासा किंवा काहीच करू नका. मूल तापाने पडलं तर तीच मुभा घ्या, आणि संपादकांना मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी कळवा.